वनीकाकीची खोली कुणी रिकामी केली

१. कुलूप शाबूत

कुलूप शाबूत होतं. एवढं आधी ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं डोक्यात शिरेल.

मुलुंडची चिंचेची चाळ. चिंच कधीच तोडली, नाव तेवढं राहिलं. पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून, वनमाला घाडीगावकरची खोली. अख्खी चाळ तिला वनीकाकी म्हणते. नवरा गिरणीत होता, तो जाऊन जमाना झाला. पोरबाळ नाही, काकी एकटीच. सोमवारी सकाळी तिच्या दारात सगळी चाळ जमली होती आणि सगळ्यांच्या पुढं, हातात किल्ली घेऊन, चंद्रप्रकाश तावडे उभा.

चंद्रप्रकाश म्हणजे चाळीच्या भाडेकरू मंडळाचा सेक्रेटरी. खाली त्याची पिठाची चक्की, म्हणून भुवया कायम पांढऱ्या. त्याच्यामागं कोर्टानं पाहणीला पाठवलेली वकीलबाई, मृणालिनी. वयानं लहान, पण हसूबिसू काही नाही. आणि तिच्यामागं मालकाचा माणूस सुयोग, भाडं गोळा करणारा, काखेत हेल्मेट.

भानगड अशी होती. मालकाला चाळ पाडून टॉवर उठवायचा होता. आता पागडीचा, म्हणजे आगाऊ रक्कम भरून पिढ्यानपिढ्या राहणारा, भाडेकरू म्हटला की त्याला नव्या इमारतीत जागा द्यावी लागते. भाडेकरू जितके कमी, तितकी मालकाची चंगळ. म्हणून त्यानं काकीवर दावा ठोकला, की ही बाई इथं राहतच नाही, चारकोपला भाचीकडं राहते, खोली कित्येक वर्षं बंद आहे, माझी मला परत द्या. काकीनं लाइटबिल दाखवलं. मालकाचा वकील म्हणाला, बल्ब पेटता ठेवला तरी बिल येतं. शेजारी साक्षीला तयार झाले. तो म्हणाला, शेजारी शेजाऱ्याचंच गाणं गाणार. शेवटी जज्जसाहेब म्हणाले, माणूस पाठवतो, डोळ्यांनी बघून येऊ दे.

आणि नेमकं त्याच आठवड्यात काकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डोळ्यात औषध घालायला कुणीतरी हवं, म्हणून ती खरंच चार दिवस भाचीकडं, श्रुतिकाकडं, चारकोपला गेली. जाताना ती दोनदा जिन्यातून मागं फिरली. चंद्रप्रकाशच म्हणाला, "काकी, तू बिनधास्त जा. माणूस नसला तरी संसार दिसतो ना. खोली काय पळून जाते?"

किल्ली फिरली. दार उघडलं. आणि चंद्रप्रकाशच्या तोंडचं पाणी पळालं.

खोली पळाली नव्हती, पण संसार पळाला होता. कॉट नाही, शेगडी नाही, भांड्यांची मांडणी नाही, दोरीवर एक फडकं नाही. भिंतीवर नुसते खिळे. जमिनीवर, खिडकीत, मोरीत, जिकडं बघावं तिकडं करडी धूळ.

मृणालिनी बुटासकट आत आली. रिकाम्या खोलीत बूट कोण काढतं? सुयोग तिच्यामागून आला आणि भिंतीतल्या लाकडी फळीवर त्यानं हेल्मेट ठेवलं.

"बघा मॅडम. मी काय वेगळं सांगत होतो?"

दारातून जयंती राणेचा आवाज आला. समोरच्या खोलीतली. गुडघ्यानं अधू, पण जीभ धडधाकट. "मेल्या, देवांची फळी ती. तुझो टोप उचल आधी."

"कुठले देव, वहिनी? देव पण चारकोपला गेले वाटतं." सुयोग हसला.

मृणालिनीनं मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली. चंद्रप्रकाशला काय करू नि काय नको झालं. "मॅडम, काकी गेली त्या दिवशी मी इथं बसून चहा प्यालोय हो."

"काका, मी तुमचं ऐकायला नाही आले, बघायला आलेय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "मला अजून भांडुपला एक जागा बघायची आहे. संध्याकाळी तुमची सही घ्यायला परत येईन. तोवर दाखवण्यासारखं काही असलं तर दाखवा. ऐकवण्यासारखं नको."

ती गेली, सुयोग तिच्यामागं गेला. चाळीत कुजबुज सुरू झाली. कुलूप तुटलं नाही म्हणजे किल्लीनं उघडलं. आणि काकीची दुसरी किल्ली तर जयंतीच्या दाराशेजारी, मीटरच्या पेटीमागं टांगलेली असते.

चंद्रप्रकाशनं कुजबुज ऐकली नाही. तो सरळ गॅलरीच्या टोकाला गेला आणि कमलताईचं दार वाजवलं.

२. पेरलेली धूळ

कमल गायसमुद्रे लातूरकडची. कोर्टात बेलिफ होती, आता रिटायर. बेलिफ म्हणजे कोर्टाचा हुकूम घेऊन लोकांच्या दारात जाणारा माणूस. तिला पाहिलं की भलेभले दार लावून घ्यायचे. पण घाटकोपरला एका म्हातारीची खोली खाली करायची होती, तेव्हा म्हातारीचा भात चुलीवर होता म्हणून हिनं पोलिसांना जिन्यात उभं केलं होतं. भात शिजला, म्हातारी जेवली, मग हिनं स्वतः तिची भांडी कागदात गुंडाळून दिली. ही गोष्ट कमलताईनं कधी कुणाला सांगितली नाही. त्या पोलिसांनी सांगितली. चंद्रप्रकाश तेव्हापासून तिच्यासमोर बसताना जरा सावरून बसतो.

ती चहाचा ग्लास घेऊनच आली आणि रिकाम्या खोलीच्या मधोमध फतकल मारून बसली. बराच वेळ नुसती बघत राहिली.

"चंदूभाऊ, रिकामी पडलेली खोली मी बघितलीय. रिकामी केलेली पण बघितलीय. ही केलेली आहे."

"कशावरून?"

"धूळ पडते ती कोपऱ्यात साठते, मधे विरळ असते. ही बघा, सगळीकडं सारखी. चाळणीनं चाळल्यासारखी. कुणीतरी पेरलीय." ती उठली. "पण हे मी सांगून काय होतंय. ती पोरगी म्हणेल, पुन्हा ऐकवता."

मग ती फळीपाशी गेली. फळी जरा उंच होती, काकी पण टाचा वर करूनच पूजा करायची. कमलताईनं टाचा वर केल्या, धुळीत बोट घातलं आणि थांबली.

"हे काय आहे?"

चंद्रप्रकाशनं मान लांब केली. धुळीखाली पाचसात तांदळाचे दाणे. लालसर.

"अक्षता. देवाच्या फळीवर असणारच."

"असणारच म्हणून तुम्ही बघितलं नाही." ती हसली. "माझ्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब. मला तुमचं हे काही ठाऊक नाही. मला शिकवा. अक्षता कधी घालतात?"

"पूजेला…" चंद्रप्रकाश अडखळला. रोजच्या गोष्टीचं कारण सांगायचं म्हणजे पंचाईतच.

"पूजेच्या अक्षता दुसऱ्या दिवशी पुसून काढतत," जयंती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "ह्यो देव हलवल्याच्यो. देव जाग्यावरसून उचलूचे तर आधी अक्षता घालून सांगूचा लागता, देवांनू, तुमका हलवतंव, राग धरू नका. तांदूळ तसेच ठेवूचे. मी आत येवन दाखवलंय असतंय, पण माका सुतक. परवा गावाक दीर वारलो माझो. ह्या दिसांत मी देवाच्या फळीक बोट लावूचंय नाय."

कमलताईनं दाणे होते तिथंच ठेवले. वर आपला चहाचा ग्लास पालथा घातला, जसं मांजराच्या तोंडातून दूध वाचवावं.

"हे झालं कधी?" तिनं विचारलं.

हे चंद्रप्रकाशला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच त्याची मान खाली गेली. आदल्या दिवशी, रविवारी, दादरला पागडीच्या भाडेकरूंची मोठी सभा होती. त्यानंच दार दार फिरून लोकांना बाहेर काढलं होतं, बस भरली होती. चाळ दिवसभर ओस.

"मी पण कल्याणला लग्नाला गेले होते," कमलताई म्हणाली. "मग मागं कोण राहिलं?"

चंद्रप्रकाशनं बोटं मोडली. जयंती, गुडघ्यांपायी. नितेश, जयंतीच्या शेजारच्या खोलीतला, त्याचा टेम्पो आहे, त्याला भाडं होतं म्हणाला. आणि चाळीतला नसला तरी सुयोग. पानवाल्यानं त्याला कोपऱ्यावर उभा बघितला होता. किल्ली कुठं टांगलेली असते, हे तिघांनाही ठाऊक.

"तिघंच ना? बरं झालं," कमलताई म्हणाली. "संध्याकाळपर्यंत तिघांना विचारून होतं."

३. कुठं काय होतं

चंद्रप्रकाशला वाटलं, आता ही विचारणार, काल दुपारी कुठं होतास. तिनं तसलं काही विचारलंच नाही. तिघांना एकच प्रश्न. काकीच्या खोलीत कुठं काय होतं, सांग.

आधी जयंती. तिच्या दारात जाताना गॅलरीतून चालावं लागतं. फुलवाली सकाळी येऊन गेली होती, दारादारांच्या कड्यांना फुलपुड्या लटकत होत्या. जयंतीच्या कडीला नव्हती.

"उजवीकडे कॉट, तिच्याखाली ट्रंक," जयंती खुर्चीत बसून सांगू लागली. "शेगडी मोरीकडे. तांदळाचो डबो पितळेचो, माज्यापेक्षा जाडो. सगळा सांगतंय गो, पण माका ठावक असा तुमी कित्याक इचारतास. किल्ली माज्या दाराक आणि सभेक मी नाय, म्हणान मीच. चाळीस वर्सां माशाचा सार वाटून खाल्ला आमी दोघींनी."

"काल काही ऐकलंत?"

"टीव्ही लावून पडलंय. डोळो लागलो." तिनं पदर डोळ्याला लावला, आणि लगेच, सवय कुठं जाणार, शेजारच्या दाराकडं हनुवटी केली. "नितेशाच्या दाराक बघ, फुलां. बापूस गेलो, घरातले देव चुलत्यान गावाक नेले. तेवापासून मेल्याच्या घरात उदबत्ती नाय. आज फुलां लागली. लगीन ठरला काय कोण जाणे."

चंद्रप्रकाशला त्या वेळीही हसू आलं. कमलताई हसली नाही. तिनं फक्त मान वळवून ती पुडी बघितली.

मग सुयोग. तो खाली चहाच्या टपरीवर बसला होता, पाय लांब करून.

"काय असणार? कॉट असेल, गॅस असेल, कपाट असेल. मी कधी आत गेलोच नाही ताई. दारातूनच भाडं घ्यायचो." मग तो पुढं वाकला. "तुम्ही जन्मभर लोकांच्या खोल्या खाली केल्यात. आता तुम्हाला पुळका?"

"मी हुकूम दाखवून करत होते, रे बाबा. माणसाला समोर उभं करून," कमलताई म्हणाली आणि त्याच्या चहाचे पण पैसे देऊन निघाली. 

नितेश दुपारी टेम्पो लावून आला. तिशीचा, अंगानं दणकट, बोलायला कमी. काकीच्या खोलीशी आला आणि उंबऱ्यापाशी चप्पल काढून आत शिरला.

"इथं कॉट," तो म्हणाला. "इथं पाट. आई कामाला जायची तेव्हा मी ह्या पाटावर बसून अभ्यास करायचो. काकी भाकऱ्या थापता थापता पाढे घ्यायची. चुकलं की लाटणं." एवढं बोलून तो पाटाच्या रिकाम्या जागेकडं पाठ करून उभा राहिला.

"आणि तिथं?" कमलताईनं फळीकडं बोट केलं.

"देव," नितेश म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही. "मला परत भाड्यावर जायचंय ताई."

"जा की. पण जेवून जा."

तो आपल्या खोलीत शिरला, दार लावून घेतलं.

"हा नव्हे," चंद्रप्रकाश हळूच म्हणाला. "ह्याला काकीनं वाढवलाय. सुयोगनंच केलं असणार, नाहीतर…" त्याला जयंतीचं नाव घ्यायची लाज वाटली.

चाळीला नाही वाटली. ते दोघं वळले तेव्हा जयंतीच्या दारात दहापंधरा माणसं जमली होती. कुणी म्हणत होतं, झडती घ्या. कुणी म्हणत होतं, किती मिळाले विचारा. जयंती खुर्चीत बसली होती आणि तिची ती जीभ, कधी नव्हे ती, गप्प होती.

कमलताई गर्दीत घुसली आणि उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"सरका. हिनं केलेलं नाही."

"कशावरून?" मागून कुणीतरी ओरडलं.

"हिच्या दाराला फुलं नाहीत, यावरून."

४. फुलं कुणासाठी

गर्दीला काही कळलं नाही, पण बेलिफबाईचा आवाज असा, की माणसं पांगली. चंद्रप्रकाशलाही कळलं नव्हतं.

"सोपं आहे, भाऊ," कमलताई कठड्याला टेकून म्हणाली. "ज्यानं खोली उपसली त्यानं कॉट उचलली, डबा उचलला, कशाला काही विचारलं नाही. पण देव उचलताना त्याचा हात थांबला. अक्षता घातल्या, माफी मागितली, मग उचलले. आता मला सांगा, सुयोगनं त्या फळीवर सकाळी काय ठेवलं?"

"हेल्मेट."

"तो देवाची माफी मागेल? त्याला ती देवांची फळी आहे हे पण जयंतीवहिनीनं सांगावं लागलं. मग वहिनी. त्या मागतील. पण त्यांना सुतक आहे. जी बाई सुतकात स्वतःच्या देवांना हात लावत नाही, फुलं बंद करते, उंबऱ्याच्या आत येऊन बोट दाखवत नाही, ती त्याच सुतकात दुसरीचे देव उचलेल? एवढी धीट असती तर अक्षता कशाला घातल्या असत्या?"

चंद्रप्रकाशच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता, आणि त्याला तो नको होता.

"देव हलवले की ठेवावे लागतात ना कुठंतरी?" कमलताई म्हणाली. "ज्याला माफी मागावीशी वाटते, त्याला देव उपाशी पण ठेवता येत नाहीत. ज्याच्या घरी वर्षभर देव नाहीत, त्याच्या दाराला आज सकाळी फुलं लागली. कुणासाठी?"

ती पुढं झाली आणि नितेशच्या दाराची कडी वाजवली.

दार उघडलं तसा उदबत्तीचा वास बाहेर आला. नितेशनं दोघांची तोंडं बघितली आणि बाजूला झाला. आत स्टुलावर लाल वस्त्र अंथरलेलं, त्यावर वनीकाकीचे देव ओळीनं मांडलेले, पुढं निरांजन. जास्वंद ताजी.

 मग नितेश खालीच बसला.

"सुयोग म्हणाला, तुझ्या खोलीची पावती अजून बापाच्या नावावर आहे. बाप मेला. म्हणजे तू घुसखोर. मालक तुला उद्या बाहेर काढेल. हे एक काम कर, पावती तुझ्या नावावर करून देतो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "सामान भंगारात टाक म्हणाला. मला नाही टाकवलं. भांडुपला ओळखीच्या गाळ्यात ठेवलंय, ताडपत्री घालून. एक चमचा हरवला नाही ताई. धूळ त्यानंच आणली, माळ्यावरची, गोणीत भरून. तो कोपऱ्यावर उभा राहून राखण करत होता."

चंद्रप्रकाशचा हात वर गेला होता. कमलताईनं तो तसाच धरून खाली आणला.

"नितेश, तुझा बाप वारला तेव्हा तू कुठं राहत होतास?"

"इथंच. अजून कुठं राहणार?"

"मग तो गेला त्या दिवशी तू भाडेकरू झालास. कायदाच आहे. घरचा माणूस भाडेकरूबरोबर राहत असला की त्याच्यामागं हक्क त्याचा. पावतीवर नाव चढो न चढो. सुयोगनं तुला तुझंच घर विकलं, रे पोरा."

दगडाखाली हात सापडलेला माणूस, आणि दगड थर्माकोलचा निघाला तर कसा दिसेल, तसा नितेश दिसत होता. हसावं की रडावं तेच त्याला कळेना. चंद्रप्रकाशनं सेक्रेटरी म्हणून इतकी वर्षं सभा घेतल्या, पण शेजारच्या पोराची पावती कुणाच्या नावावर आहे, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आणि त्या पोरानंही आपणहून तोंड उघडलं नव्हतं. चाळीत भांडणं सगळ्यांना ठाऊक असतात, भीती ज्याची त्याच्यापाशी.

"मी काय करू?" नितेशनं विचारलं.

"दोन रस्ते आहेत," कमलताई म्हणाली. "आम्ही दाणे दाखवू, ती पोरगी हुशार आहे, तिला शंका येईल. पण शंकेवर काकीचं घर राहीलच असं नाही. तू बोललास तर राहील. मात्र मालकाशी वाकडं येईल, आणि काकी पोलिसात जाईल की नाही ते काकी ठरवेल. मी तुला सोडवणार नाही आणि ओढणार पण नाही. टेम्पो तुझा, डिझेल तुझं."

नितेश उठला. निरांजनात तूप घातलं. जिना उतरला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, कोपऱ्यावर वळल्याचा आला.

"गेला," चंद्रप्रकाश म्हणाला. "ताई, तो परत आला नाही तर?"

"तर माझं चुकलं," कमलताई म्हणाली आणि दुसरा चहा टाकायला गेली.

५. विचारायचं राहिलं

संध्याकाळी आधी मृणालिनी आली, सुयोग सावलीसारखा मागं. टेम्पोचा पत्ता नाही. चंद्रप्रकाशला दरदरून घाम फुटला, भुवयांवरच्या पिठाचा चिखल झाला.

"दाखवायचं आहे काही?" मृणालिनीनं विचारलं.

"आहे," कमलताईनं तिला फळीपाशी नेलं आणि पालथा ग्लास उचलला. "एक दाणा उचला. तुमच्या हातानं. मी हात लावत नाही."

मृणालिनीनं चिमटीत दाणा धरला. धूळ झटकली. बोटाला लाल लागलं. तिनं बोट बघितलं, मग दाणा, मग पुन्हा बोट.

"कुंकू ताजं आहे," ती म्हणाली.

"आणि दाणा अख्खा आहे. मॅडम, ह्या चाळीतले उंदीर अंगाचा साबण सोडत नाहीत. बंद खोलीत वर्षानुवर्षं तांदूळ सोडतील? आणि धूळ तांदळाच्या वर आहे. म्हणजे आधी इथले देव उचलले, मग धूळ आली. काल."

"कुणीतरी आज टाकले असतील दाणे," सुयोग म्हणाला. सकाळचं हसू तोंडावर होतं, पण आता ते कुणीतरी चिकटवल्यासारखं.

मृणालिनीनं मोबाइल काढला, सकाळचे फोटो पुढं मागं केले. एका ठिकाणी थांबून मोठा करून बघितला. "सकाळी तुम्ही हेल्मेट ठेवलं होतं ना, त्या फोटोत आहेत दाणे. हात उंच करून काढला होता, हेल्मेटनं धूळ सरकली तिथं दोन उघडे पडलेत."

खालून हॉर्न वाजला.

चंद्रप्रकाश कठड्याकडं धावला. टेम्पो होता. वर ताडपत्री, दोरखंडानं आवळलेली, आणि पुढं, नितेशच्या शेजारी, श्रुतिकाचा हात धरून, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली वनीकाकी. पठ्ठ्या भांडुपहून सामान भरून सरळ चारकोपला गेला होता. मुलुंडला यायच्या आधी. कुणी सांगितलं नव्हतं.

वाटेत त्यानं तिला काय सांगितलं, ते त्या तिघांनाच माहीत. काकी जिना चढून आली तेव्हा तिचा उघडा डोळा कोरडा होता. चाळ भिंतीला चिकटून उभी राहिली. नितेशनं वर येऊन मृणालिनीला सगळं सांगितलं, सुयोगच्या तोंडावर, एकही शब्द न गाळता. सुयोग काहीतरी म्हणायला गेला, पण जयंतीनं खुर्चीतूनच त्याला असा काही मालवणी प्रसाद दिला, की तो इथं सांगण्यासारखा नाही. हेल्मेट डोक्यावर घालूनच तो जिना उतरला.

मृणालिनी म्हणाली, "आजी, तुम्हाला पोलिसात द्यायचं असेल तर तो तुमचा हक्क आहे."

काकीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती चाचपडत फळीपाशी गेली. टाचा वर करून दाण्यांवरून बोट फिरवलं. मग नितेशकडं वळली.

"देवांका इचारलंस मां, हलवताना?"

"व्हय, काकी."

"आणि माका?"

नितेशनं मान खाली घातली. 

"देव काय, ते गप रवतत. माका इचारलं असतंस तर मी बोललंय असतंय. कान धरून तुका कमलकडे न्हेलंय असतंय, आणि पावतीचा भूत तेवाच उतारला असता. येवढाच इचारूचा होता रे, झिला." तिनं त्याच्या डोक्यात टपली मारली. लाटण्याची सवय, हातात लाटणं नव्हतं म्हणून टपली. "पोलिसांक बोलावन काय करू? माझी कॉट ते वर चढवतले? जा. पयलो तांदळाचो डबो काढ."

पितळेचा डबा वर आला. काकीनं ओंजळीत तांदूळ घेतले, कुणीतरी कुंकवाचा करंडा दिला, पाण्याचं बोट लावलं. आणि ती ओंजळ तिनं नितेशच्या हातात रिकामी केली.

"तू हलवलंस, आता तूच बसव."

कुणीतरी फळी पुसली, त्यानं एकेक करून देव आणले. चाळ खोली झाडून सामान चढवायला धावली. शेगडी, ट्रंक, पाट. सकाळी झडती घ्या म्हणणारेच कॉटच्या चारी पायांना लागले. चंद्रप्रकाश कमलताईकडं बघत होता. ती दारात उभी राहून, जन्मात पहिल्यांदाच असेल, सामान आत जाताना बघत होती.

खोली भरली. काकीनं शेगडी पेटवून चहाचं आधण ठेवलं. मृणालिनी वही घेऊन पुढं झाली, उंबऱ्यापाशी आली, आणि तिथं थांबली.

खाली वाकली, बूट काढले, भिंतीशी नीट लावून ठेवले. मग ती आत गेली.